‘अजून’ला इंग्रजींत काय म्हणावें?

एका इंग्रजी क्रियाविशेषणापायीं माझ्या एका भाच्याला विलायतेहून कल्याणास धांवत यावें लागलें, आणि तें क्रियाविशेषण त्या घरांत शिकविणारा मास्तर मीच होतों. आज ही गोष्ट आमच्याकडे लग्नामुंजींच्या पंगतींत हसून सांगितली जाते व मीहि हसतों. परंतु ती घडली त्या दिवशीं मला हसूं आलें नव्हतें.

इ. स. २००९ सालचा पावसाळा. माझी थोरली बहीण, जिला आम्ही सर्वजण ताई म्हणत असूं, कल्याणांत पारनाक्याजवळच्या जुन्या घरांत मोठ्या कुटुंबांत राहत असे. तिचा थोरला मुलगा नोकरीनिमित्त इंग्लंडांत गेला आणि तेथेंच त्यानें संसार मांडला. सूनबाई तिकडचीच, मोठ्या गुणाची, पण मराठीचीं चार-दोन वाक्यें सोडलीं तर तिचा सर्व व्यवहार इंग्रजींत. धाकटा आईपाशीं. त्या पावसाळ्यांत ताईला अर्धांगाचा हलकासा झटका आला व तिला रुग्णालयांत हलवावें लागलें. डॉक्टरांनीं सांगितलें कीं भीतीचें कारण दिसत नाहीं, पण एक-दोन दिवस वाट पाहिली पाहिजे. दुसऱ्या दिवशीं दुपारीं धाकट्यानें वहिनीला मोबाइलवरून संदेश पाठविला. थोरल्याला कामाच्या वेळीं फोन घेतां येत नसे, म्हणून वहिनीला. धाकट्याच्या मनांतलें वाक्य असें होतें: ‘आई कालपासून अजून तशीच आहे.’ त्याचें त्यानें इंग्रजी केलें: ‘मदर इज स्टिल सिन्स लास्ट नाइट.’

‘स्टिल’ या शब्दाचा इंग्रजींत ‘निश्चल’ असाहि अर्थ आहे. किंबहुना तोच मूळचा. ‘हालचाल न करितां’ यावरून ‘सतत’ आणि ‘सतत’वरून ‘अजूनहि’ अशी त्या शब्दाची वाटचाल झाली आहे. ‘स्टिल’च्या पुढें ‘आजारी’, ‘झोपलेली’, ‘रुग्णालयांत’ असें कांहीं आलें म्हणजे तो ‘अजून’. पुढें कांहींच आलें नाहीं म्हणजे इंग्रज माणूस मूळचा अर्थ घेणार. सूनबाईनें वाचलें तें असें: आई काल रात्रीपासून निश्चल पडली आहे. तिनें उलट फोन केला. रुग्णालयांत धाकट्याचा फोन बंद, आणि घरचा दूरध्वनि पावसामुळें चार दिवस मुका. मग तिनें नवऱ्याच्या कचेरींत निरोप ठेविला. आणि ठेवितांना, इंग्रजी तिची मातृभाषा असल्यामुळें, दिराचें व्याकरण तिनें नकळत शुद्ध केलें: ‘युवर मदर हॅज बीन स्टिल सिन्स लास्ट नाइट.’ वाक्य निर्दोष झालें, आणि शंकेला जी थोडीशी जागा होती तीहि बुजली. थोरला त्याच रात्रीच्या विमानानें निघाला.

तो रुग्णालयांत पोंचला तेव्हां ताई उशीला टेकून मऊ भात खात होती. दारांत त्याला पाहून ती म्हणाली, “अरे, एवढ्यांत आलास? दिवाळीला येणार होतास ना?” तो खाटेच्या कडेला बसला आणि लहान मुलासारखा रडला. वर्षाची सारी रजा आणि दिवाळीसाठीं बाजूला ठेविलेले पैसे त्या एका प्रवासांत संपले.

संध्याकाळीं सर्व मंडळी ओसरीवर जमली तेव्हां त्या संदेशाची उलटतपासणी झाली. धाकटा बराच वेळ खालीं मान घालून बसला होता. शेवटीं तो म्हणाला, “मामा, ‘अजून’ म्हणजे ‘स्टिल’, हें तुम्हींच मला शिकविलेंत.”

तें खरें होतें. ताईच्या आग्रहावरून मीं त्याला आठवी-नववींत सुट्टीच्या दिवशीं इंग्रजी सांगितलें होतें, आणि माझी रीत अशी कीं वहीच्या डाव्या बाजूस मराठी शब्द व उजव्या बाजूस त्याचे इंग्रजी प्रतिशब्द. अजून: स्टिल, येट. आधीं: ऑलरेडी, बिफोर, अगो. पासून: सिन्स, फॉर, फ्रॉम. मुलांनीं तें सकाळीं उठून पाठ करावें. मी संस्कृत शिकलों तें अमरकोशाच्या पाठांतरानें, तेव्हां पाठांतराविषयीं माझ्या मनांत कधीं शंका आली नाहीं. अजूनहि येत नाहीं. पण रूपें पाठ करणें वेगळें आणि दोन भाषांतील शब्दांना एकमेकांशीं गांठ मारून तीं जोडपीं पाठ करणें वेगळें, हें मला त्या संध्याकाळपर्यंत उमगलें नव्हतें. तोंपर्यंत शेंकडों मुलें माझ्या हाताखालून गेलीं होतीं.

तेव्हांपासून मीं ती वही टाकली, आणि हल्लीं डोंबिवलींत संध्याकाळीं जीं चार-सहा मुलें माझ्याकडे येतात त्यांना दुसऱ्या वाटेनें नेतों. त्यांना मी प्रतिशब्द विचारीत नाहीं. बोलणाऱ्याच्या मनांत काय अपेक्षा होती, तें विचारितों.

कारण ‘स्टिल’, ‘येट’ आणि ‘ऑलरेडी’ हे तीन शब्द वरवर काळाचे दिसले तरी खरें पाहतां अपेक्षेचे आहेत. घड्याळांत काय वाजलें हें ते सांगत नाहींत. बोलणाऱ्याला काय वाटलें होतें, तें सांगतात. एखादी गोष्ट एव्हांना संपेल असें वाटलें होतें आणि ती चालूच आहे, तर ‘स्टिल’: ताई स्टिल रुग्णालयांत आहे. एखादी गोष्ट व्हावयाची आहे, तिची वाट पाहणें चाललें आहे, पण ती झालेली नाहीं, तर ‘नॉट’ आणि वाक्याच्या शेवटीं ‘येट’: ती घरीं आलेली नाहीं. आणि गोष्ट वाटली होती त्याहून लवकर घडली, तर ‘ऑलरेडी’. पहिल्या दोहोंना मराठींत आपण बिनदिक्कत ‘अजून’ म्हणतों, ‘अजून झोपली आहे’ आणि ‘अजून उठली नाहीं’, आणि फरक क्रियापदावर व नकारावर सोंपवून देतों. इतकेंच नव्हे, तर ‘अजून एक पोळी वाढ’ यांतहि तोच शब्द. मराठी ‘अजून’ एकत्र कुटुंबांतल्या मोठ्या वहिनीसारखा आहे. घरांतलें कोणतेंहि काम तो नाहीं म्हणत नाहीं. इंग्रजींत त्याच कामांना तीन निरनिराळे गडी आहेत व एक दुसऱ्याचें काम करीत नाहीं.

‘ऑलरेडी’ची गंमत अधिक आहे. मीं वर्षानुवर्षें मुलांना त्याचा अर्थ ‘आधींच’ म्हणून सांगितला. शब्दाची फोड पाहिली तर ‘सर्व सिद्ध’ अशी. त्यावरून ‘आधींच’ हा अर्थ चुकीचा नाहीं. परंतु आपण घरांत बोलतांना ‘आधींच’ कितीदां म्हणतों? आपण म्हणतों, ‘तो गेलासुद्धां.’ ‘दूध उतूं गेलेंसुद्धां.’ ‘एवढ्यांत जेवण झालें?’ हा ‘सुद्धां’ आणि हा ‘एवढ्यांत’ म्हणजेच इंग्रजांचा ‘ऑलरेडी’. ताईनें मुलाला दारांत पाहून जें विचारलें तें इंग्रजी करावयाचें तर ‘हॅव यू कम ऑलरेडी?’ असें करावें लागेल, आणि तें मला त्या रात्रीं घरीं परततांना गाडींत सुचलें. माझ्या जुन्या वहींतल्या ‘ऑलरेडी’समोर ‘एवढ्यांत’ हा शब्द कोठेंच नव्हता.

उलट, माझी नात हल्लीं मराठींतच म्हणते, “आजोबा, मी ऑलरेडी जेवलें.” इंग्रजी शाळेंत जाणाऱ्या मुलांचें राहूं द्या, कल्याण-ठाण्याच्या गाडींत उभे असलेले प्रौढ गृहस्थहि ‘जस्ट आत्तां बसलों’, ‘ऑलरेडी सांगितलें आहे’ असें बोलतात. परभाषेचा शब्द आला याचें मला वाईट वाटत नाहीं. मेज आणि पगार हे शब्दहि बाहेरूनच आले. वाईट वाटतें तें ‘सुद्धां’चें. ‘मी जेवलेंसुद्धां’ या वाक्यांत जो थोडासा मिस्किलपणा आहे, पाहा, तुम्ही विचारण्याच्या आंत माझें आटोपलें, तो ‘ऑलरेडी’त उतरत नाहीं. नातीला मीं तसें सांगितलें. ती म्हणाली, “उतरतो कीं!” तिच्या पिढीला उतरत असेल.

आतां ‘पासून’ पाहूं. ‘मी तीन वर्षांपासून डोंबिवलींत राहतों’ याचें शंभरांतलीं बहुतेक मुलें ‘आय ॲम लिव्हिंग इन डोंबिवली सिन्स थ्री इयर्स’ असें करितात, आणि मोठेपणीं अर्ज-विनंत्यांतहि तसेंच लिहितात. येथें दोन चुका आहेत. ‘सिन्स’ला आरंभाचा बिंदु लागतो, कालावधि चालत नाहीं, कालावधीला ‘फॉर’. आणि जी स्थिति मागें सुरू होऊन आतांपर्यंत पोंचली आहे तिला इंग्रजी साधा वर्तमानकाळ देत नाहीं, ‘हॅव बीन’ मागतें. कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ सालीं निघालें. तेव्हां तें ‘सिन्स १८६४’ आहे आणि ‘फॉर’ दीडशेंहून अधिक वर्षें आहे. ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय ‘सिन्स १८९३’. हीं दोन उदाहरणें मी फळ्यावर मांडतों, कारण मुलांनीं त्या पाट्या डोळ्यांनीं पाहिलेल्या असतात, आणि सन लिहिलेला असला कीं तो बिंदु आहे हें वेगळें समजावून सांगावें लागत नाहीं.

येथें संस्कृताचा मला मोठा आधार मिळाला, व तो इतकीं वर्षें कां घेतला नाहीं याचें नवल वाटतें. आरंभबिंदूला संस्कृत पंचमी लाविते: अमुक दिवसापासून. कालावधि अखंड व्यापला असेल तर द्वितीया: ‘मासम्’, महिनाभर. यालाच वैयाकरण अत्यंतसंयोग म्हणतात, आणि इंग्रजी ‘फॉर अ मंथ’ म्हणजे दुसरें कांहीं नाहीं. याहून बारीक गोष्ट पुढें आहे. त्या अवधींत काम पुरें होऊन फल हातीं आलें असेल, तर पाणिनि द्वितीया न लावितां तृतीया लावावयास सांगतात. ‘मासम्’ अध्ययन केलें म्हणजे महिनाभर केलें, झालें कीं नाहीं तें देव जाणे. ‘मासेन’ केलें म्हणजे महिन्यांत पुरें करून उठला. इंग्रजीचे ‘फॉर अ मंथ’ आणि ‘इन अ मंथ’ नेमके असेच वागतात. ज्या मुलाला शाळेंत आठवीपासून संस्कृत आहे त्याला हें एकदां दाखविलें कीं तें पुन्हां विसरत नाहीं. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आमच्या वडिलांची पिढी इंग्रजी शिकली आणि आम्ही रेन व मार्टिन यांच्या जाड्या व्याकरणावर. दोन्ही ग्रंथांचें ऋण मोठें आहे. (त्यांतले रेनसाहेब हिंदुस्थानांत शिक्षणखात्यांत नोकरी करून गेले आणि पुढें ‘बो जेस्ट’ नांवाच्या साहसकथेनें अधिक प्रसिद्धीस आले, हें फार थोड्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतें.) परंतु विभक्तीच्या ज्ञानाची ही किल्ली ज्याच्या घरांतच आहे त्यानें ती खुंटीला टांगून ठेवूं नये.

‘अगो’ आणि ‘बिफोर’ यांचा घोळ तर ठाणेंकरांसारखा कोणालाच सहज समजणार नाहीं. हिंदुस्थानांतली पहिली उतारूंची आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास आली. कल्याणपर्यंत ती १ मे १८५४ रोजीं पोंचली. ‘कल्याणला गाडी आली त्याच्या वर्षभर आधीं ती ठाण्यास आली होती’ हें वाक्य मी देतों. दहांतलीं सात मुलें ‘वन इयर अगो’ लिहितात. मग मी विचारितों, “म्हणजे गेल्या वर्षीं का रे?” आणि सगळीं हसतात. ‘अगो’ हें मूळ ‘जाणें’ या अर्थाच्या एका जुन्या इंग्रजी क्रियापदाचें भूतकालवाचक धातुसाधित आहे. ‘टू इयर्स अगो’ म्हणजे ‘दोन वर्षें गेलीं’. आपण नाहीं का म्हणत, ‘त्याला जाऊन दोन वर्षें झालीं’? म्हणून तो शब्द अवधीच्या मागून येतो आणि बोलणाऱ्याच्या ‘आतां’पासूनच मोजतो, दुसऱ्या कोणत्याहि बिंदूपासून नाहीं. दुसऱ्या बिंदूपासून मागें जावयाचें असेल तर ‘बिफोर’. हा फरक मराठींत ‘पूर्वीं’ या एकाच शब्दांत गडप होतो. त्याबद्दल मराठीला दोष देण्याचें कारण नाहीं; ज्या भाषेंत ‘परवां’ हा एकच शब्द मागेंहि नेतो आणि पुढेंहि नेतो, आणि तरी कोणी लग्नाचा मुहूर्त चुकवीत नाहीं, तिनें आपला बंदोबस्त क्रियापदाकडे दिला आहे इतकेंच.

क्रियापदाचें निघालें म्हणून आणखी एक सांगतों. ‘आय हॅव सीन हिम येस्टरडे’ ही आपल्याकडची ठरलेली चूक. काल, परवां, गेल्या वर्षीं, दोन वर्षांपूर्वीं, असा संपलेला काळ सांगितला कीं ‘हॅव’ जावयास हवें. मुलें विचारितात, कां? मी त्यांना सांगतों कीं पाणिनींच्या व्याकरणांत आजचा भूतकाळ निराळा आणि आजच्या आधींचा निराळा. पहिल्याला अद्यतन म्हणतात, दुसऱ्याला अनद्यतन, आणि जें बोलणाऱ्यानें पाहिलें नाहीं त्याला तिसरेंच रूप. इंग्रजींतली वांटणी हुबेहूब तशी नाहीं, पण भूतकाळाला आंतून खोल्या असूं शकतात हें त्यावरून पटतें. आणि या खोल्यांवरून केवढीं अनुमानें निघतात! पाहतां आला असता असा लोकप्रसिद्ध पण परोक्ष भूतकाळ सांगावयाचा तर कोणतें रूप वापरावें, याचें उदाहरण म्हणून पतंजलींनीं महाभाष्यांत यवनानें साकेताला वेढा घातल्याचें वाक्य दिलें आहे. तें रूप योजलें त्या अर्थीं ती घटना पतंजलींच्या हयातींतली असली पाहिजे, असें गोल्डस्टकर यांनीं १८६१ सालीं प्रतिपादिलें, आणि आपल्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनीं १८७२ सालीं याच धाग्याला पुष्यमित्राच्या यज्ञाच्या वर्तमानकाळी उदाहरणाची जोड देऊन पतंजलींचा काळ इसवी सनापूर्वींच्या दुसऱ्या शतकांत नेऊन बसविला. क्रियापदाच्या एका रूपावरून एका ऋषितुल्य ग्रंथकाराचें शतक ठरतें. मग माझ्या भाच्याची रजा एका ‘स्टिल’मुळें बुडाली यांत आश्चर्य तें काय!

बाकीच्या शब्दांविषयीं फार बोलावयास नको. ‘लेट’ म्हणजे उशिरां आणि ‘लेटली’ म्हणजे हल्लीं. ‘तो शाळेंत लेटली येतो’ असें लिहिणाऱ्याला तो शाळेंत हल्लीं येऊं लागला आहे असें म्हणावयाचें नसतें. ‘पांच मिनिटांत येतों’ याला ‘इन फाइव्ह मिनिट्स’ म्हटलें तर इंग्रज पांचवें मिनिट संपण्याच्या सुमारास दाराकडे पाहतो. आंत म्हणावयाचें तर ‘विदिन’. डोंबिवलीच्या फलाटावर उभें राहून जो फोनवर ‘पांच मिनिटांत पोंचतों’ म्हणतो, त्याचें भाषांतर मात्र कोणत्याच व्याकरणांत नाहीं.

२००० सालापासून महाराष्ट्रांत मराठी शाळांतूनहि पहिलीपासून इंग्रजी आहे. आमच्या वेळीं तें पांचवींत सुरू होत असे. तरी वरच्या चुका जशाच्या तशा आहेत. पुष्कळ ठिकाणीं अजून तीच डाव्या-उजव्या बाजूंची वही चालते, आणि ती चालविणारांना नांवें ठेवण्याचा अधिकार मला नाहीं.

धाकट्या भाच्यानें त्यानंतर बरेच दिवस इंग्रजींत ओळ लिहिली नाहीं. वहिनीनें त्याला कधीं एका शब्दानें बोल लाविला नाहीं. उलट तीच मराठी शिकूं लागली. थोरला मात्र २०१० साल पुरें इकडे येऊं शकला नाहीं.

२०११च्या मार्गशीर्षांत ताई पुन्हां आजारी पडली, आणि या वेळीं डॉक्टरांनीं आम्हांला बाजूला घेऊन सांगितलें. धाकटा मोबाइल माझ्या हातांत देऊन म्हणाला, “मामा, या वेळीं तुम्ही लिहा.” मीं चश्मा पुसला आणि लिहिलें: ‘मदर इज सिंकिंग, बट इज स्टिल कॉन्शस. कम ॲट वन्स.’ व्याकरणदृष्ट्या त्यांत कांहीं चूक नव्हती. तीनदां वाचून पाहिलें होतें. दहा मिनिटांनीं थोरल्याचा फोन आला.

“मामा,” तो म्हणाला, “हें ‘स्टिल’ कोणतें?”

“अजून बोलते आहे रे,” मीं सांगितलें. “तुझें नांव घेते. नीघ.”

तो बिनपगारी रजा घेऊन तिसऱ्या दिवशीं पहाटे आला. ताई जागी होती.